स्वर्गाविषयी, आणि गुरुवारी होणाऱ्या बाबांच्या ऑपरेशनविषयी

बोरिवली, मुंबई

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर हा विषय निघाला की बाबा लगेच राजकारणावर येतात आणि आईला रडू येते, म्हणून लिहून कळवते आहे. बाबांच्या बायपासची तारीख मी निश्चित केली आहे. येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन होईल, अनामत रक्कम भरून झाली आहे आणि रुग्णालयातून तुम्ही दोघे थेट माझ्याकडे याल. तुम्हाला न विचारता ठरवले याचे बाबांना वाईट वाटेल, हे मी जाणते. परंतु अँजिओग्राफीनंतर दुसऱ्या डॉक्टरांनीही हेच सांगितले, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचताना बाबांना जिन्यात बसावे लागते, हे आईने लपवले तरी शेजारच्या काकूंनी मला सांगितले आहे.

बाबा, डॉक्टरांसमोर तुम्ही म्हणालात, "हा मंडप मोडायला आला आहे, आता त्याला नवे खांब कशाला?" देहाला मंडप म्हणणाऱ्या प्रेषित पौलाचे शब्द तुम्ही किती श्रद्धेने उच्चारता हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, म्हणून तेव्हा गप्प राहिले. मात्र त्या रात्रीपासून मी स्वर्गाचाच विचार करते आहे, आणि तो विचार मला तुमच्या निष्कर्षापर्यंत नेत नाही.

दर रविवारी चर्चमध्ये उभे राहून आपण विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतो, त्यात शरीराच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे असे आपण स्पष्ट म्हणतो. देह येथेच टाकून आत्म्याने कोठेतरी ढगांत तरंगत राहावे, असे त्यात कोठेही नाही. मरण पावलेला विश्वासणारा प्रभूजवळ असतो, कारण वधस्तंभावरच्या चोराला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असे वचन मिळाले. पण देवाचे काम तेथे संपत नाही. पुनरुत्थित प्रभूने घाबरलेल्या शिष्यांकडे खायला मागितले आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला, असे लूकचे शुभवर्तमान सांगते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तर किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे आणि प्रभू स्वतः सर्वांना न्याहारीला बोलावतो आहे. माझ्या ताटातल्या मासळीचे काटे तुम्ही बोटांनी चाचपून काढायचात आणि मगच स्वतः जेवायला बसायचात. स्वर्गाची कल्पना करताना मला ती बोटेच आठवतात. ज्या देहाला देव उठवणार आहे, त्या देहाची दुरुस्ती करून घेणे म्हणजे अविश्वास कसा?

पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या 21 व्या अध्यायात, आपण वर जात नाही, नवे यरुशलेम खाली उतरते, आणि "देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे" अशी वाणी होते. त्या नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे आजच्या मापाने सुमारे 2,200 किलोमीटर आहे. मुंबईहून कोलकात्यापर्यंतचा रेल्वेमार्गही त्याच्या एका बाजूला पुरा पडणार नाही. या आकड्यांचा शब्दशः अर्थ घ्यावा असे मला वाटत नाही, पण दहा बाय बाराच्या खोलीत गावाहून आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला जागा करून देणाऱ्या माझ्या आईला त्यामागचा भाव नक्की कळेल. त्या नगराच्या बारा वेशी कधीच बंद होत नाहीत. तेथे समुद्र नसेल या ओळीने आई नेहमी खट्टू होते, कारण चौपाटीशिवाय तिला कोणतेही नगर अपुरे वाटते. आई, प्रकटीकरण लिहिणारा योहान पात्म बेटावर होता, चारही बाजूंनी पाण्याने आपल्या मंडळ्यांपासून तोडलेला, आणि त्याच्या दर्शनात श्वापद समुद्रातूनच वर येते. माणसांना दूर ठेवणारे आणि घाबरवणारे काही उरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. तुझी संध्याकाळची हवा देव हिरावून घेणार नाही.

आणि आई, तू मागच्या नाताळात हळूच विचारलेस, लहानपणीच गेलेला आपला दादा तेथे केवढा असेल. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात याच प्रश्नावर विचार केला होता. बालपणी गेलेली मुले पूर्ण वाढलेल्या देहाने उठतील असे त्याचे मत होते. ते खरे असेल, पण मला दुसरीच गोष्ट अधिक धीर देते. मरीया मग्दालीयेने प्रभूला पाहिले तेव्हा तो माळी आहे असे तिला वाटले, आणि त्याने नावाने हाक मारताच तिने त्याला ओळखले. दादा तुला हाक मारील. कपाटातल्या त्याच्या कॅलिपरच्या, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्याच्या, चामड्याला तू अजून तेल लावतेस, पट्ट्याचे तिसरे भोक ताणून लांबट झाले आहे तेही मी पाहिले आहे. त्याची त्याला गरज नसेल, कारण लंगडा हरिणाप्रमाणे उड्या मारील असे यशया संदेष्टा सांगतो. तरीही तो आपलाच दादा असेल; प्रभूने थोमाला दाखवलेले व्रण उठलेल्या देहावरही होतेच. तेथे सर्व भाषांचे लोक देवाच्या राजासनापुढे उभे राहतील असे लिहिले आहे, म्हणजे मराठीही असणार, आणि बाबांची पेटीही असावी असे मला मनापासून वाटते.

हे सर्व मिळणारच आहे, बाबा, त्यासाठी घाई नको. पौलालाही ख्रिस्ताजवळ जाण्याची उत्कंठा होती, पण फिलिप्पैकरांना त्याने लिहिले की त्याचे देहात राहणे त्यांच्याकरिता अधिक गरजेचे आहे. आमच्याकरिताही ते गरजेचे आहे.

भायखळ्याची खोली मी विकणार नाही, कुलूप लावून किल्ली काकूंकडे ठेवू. माझ्याकडे लिफ्ट आहे, पूर्वेची खिडकी तुमच्या खोलीला दिली आहे, मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र उशाशी ठेवले आहे आणि पहाटे पाचचा चहा मी स्वतः करीन. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी येणार आहेत, त्यामुळे तेही चुकणार नाही. बरे वाटू लागले की रविवारी गाडी करून आपल्याच चर्चला जाऊ.

आता जे सांगते ते ऐकायचे. मी बुधवारी येईपर्यंत बाबांनी जिना चढायचा-उतरायचा नाही. दूध आणि भाजी वर आणून द्यायला मी सांगितले आहे. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे डॉक्टर सांगतील, शेजाऱ्यांच्या सल्ल्याने थांबवायची नाही. आईने लोणच्याच्या बरण्या बांधू नयेत. आधार कार्ड, जुने ईसीजी आणि अँजिओग्राफीची सीडी एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा; मी बुधवारी दुपारी टॅक्सी घेऊन येते.

तुमची
करुणा