‘दरवेश’ म्हणजे दारोदार फिरणारा नव्हे

महोदय,

सूफी संतांविषयीच्या लेखनात ‘दरवेश’ या शब्दाची फोड ‘दर’, म्हणजे दार, अशी करून ‘दारोदार भीक मागणारा’ हा अर्थ सर्रास दिला जातो. ही व्युत्पत्ती खुद्द फार्सीभाषकांतही प्रचलित आहे, परंतु भाषेचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. फार्सीतील ‘दरवीश’ पहलवीतील, म्हणजे इस्लामपूर्व मध्ययुगीन फार्सीतील, ‘द्रियोश’पासून आला असून त्याचे मूळ पारशांचा प्राचीन धर्मग्रंथ अवेस्तातील ‘द्रिगु’ या शब्दापर्यंत, म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधी, पोहोचते आणि त्याचा अर्थ ‘गरीब’ एवढाच आहे. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीतील मोबेदांच्या, म्हणजे जरथुश्त्री (पारशी) पुरोहितांच्या, शिक्क्यांवर ‘गरिबांचा कैवारी आणि न्यायाधीश’ अशी पदवी आढळते. तिच्यातील ‘गरीब’ म्हणजे हाच ‘द्रियोश’. जरथुश्त्री धर्मग्रंथांनी तर गरजेपुरते मिळाल्यावर समाधान मानणारा ‘द्रियोश’ आणि अभावाने कुढत राहणारा कंगाल यांच्यात स्पष्ट भेद केला आहे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

अरबीतील ‘फकीर’ हा शब्दही याच अर्थाचा आहे. ‘फक्र’ म्हणजे निर्धनता, गरज. कुराणाच्या 35व्या सुऱ्यातील (अध्यायातील) 15वी आयत समस्त मानवजातीला ईश्वरापुढे ‘फुकरा’, म्हणजे फकिराचे अनेकवचन, असे संबोधते. त्या न्यायाने सुलतानही फकीरच ठरतो, फक्त सूफी साधक ते जाणून जगतो. (‘सूफी’ शब्द ‘सूफ’, म्हणजे लोकर, यावरून आला, हे मत सर्वाधिक मान्य आहे, अकराव्या शतकातील विद्वान अल बेरुनीने मात्र त्याचा संबंध ग्रीक ‘सोफिया’शी, म्हणजे प्रज्ञेशी, जोडला होता.)

मराठीला हे शब्द परके नाहीत. तुकोबांच्या गाथेत ‘दरवेस’ आणि ‘मलंग’ या शीर्षकांच्या हिंदी रचना आहेत, तर एकनाथांच्या भारुडांत ‘फकीर’ भेटतो. पुढे मात्र आपल्याकडे ‘दरवेशी’ म्हटले की अस्वल खेळवणाराच डोळ्यांसमोर येऊ लागला आणि ‘फकीर’ हा भिकाऱ्याचा पर्याय झाला. शब्दांचे अर्थ बदलतात, याबद्दल तक्रार नाही. परंतु सूफी कवी रूमीच्या अनुयायांविषयी किंवा एखाद्या दर्ग्याच्या उरुसाविषयी लिहिताना ‘दरवेश’ म्हणजे भिक्षेकरी असे सांगितल्याने, स्वेच्छेने स्वीकारलेल्या अकिंचनतेचा सारा विचारच वाचकापासून दूर राहतो. आपल्या पुरवण्यांतून या शब्दाचा खुलासा करताना ‘दारोदार’ची ही फोड यापुढे वगळावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक