'बाई, अधिक करू की वजा?' : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, बहुतेक खाडीकाठच्या नि डोंगरातल्या वाड्यांवर. आजही शेजारची पाच-सहा मुलं संध्याकाळी आमच्या पडवीत अभ्यासाला बसतात. त्यांच्यामुळेच हे पत्र लिहायला घेतलं.

परवा त्यांना एक उदाहरण घातलं. आजोबांनी ४८ नारळ विकले, आता घरात ३५ उरले, तर आधी किती होते? चौथीतल्या एका मुलीने लगेच ४८ खाली ३५ मांडले, वजाबाकी केली, उत्तर १३ आणि खाली पट्टीने दोन रेघा. मी विचारलं, "वजाबाकी का गं केलीस?"

"उरले म्हटलंय ना, बाई."

"घरात तेराच नारळ होते, तर आजोबांनी अठ्ठेचाळीस विकले कुठून?"

ती गप्प झाली. वहीकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही, बाकीच्यांनाही बोलू दिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "विकलेले परत आणून ठेवले तर कळेल." मग बोटं न मोजता सांगितलं, पन्नास नि पस्तीस पंच्याऐंशी, त्यातले दोन कमी, त्र्याऐंशी. ही रीत तिला कुणी शिकवलेली नव्हती.

मंत्रिमहोदय, तेरा आणि त्र्याऐंशीच्या मधे जी चार-पाच मिनिटं गेली, तीच मला आपल्याकडे मागायची आहेत. वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी, रोज.

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार, हे ठोकताळे मुलांनी घरून आणलेले नाहीत. ते आम्ही शिक्षकांनी दिले. मीही दिले. चाचणी तोंडावर आलेली असते, अभ्यासक्रम मागे पडलेला असतो, आणि ठोकताळ्याने दहातली सात उदाहरणं बरोबर येतात. मग मूल उदाहरण वाचायचं सोडून शब्द हुडकायला लागतं, आणि शब्द सापडला नाही की विचारतं, "बाई, अधिक करू की वजा?"

हीच मुलं शाळेबाहेर कशी हिशेब करतात ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. आमच्याकडे भरतीची वेळ घड्याळात बघत नाहीत, तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता ते कळतं. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. कालवं काढायला आईबरोबर जाणारा तिसरीतला मुलगा हे आजोबांकडून शिकतो. "आज पंचमी, म्हणजे पावणेदहाला पाणी उतरंल," असं तो मला शाळेच्या पायरीवर बसून सांगायचा. पुढे पाचवीत त्याच्यासमोर फळ्यावर तीन छेद चार आले, तेव्हा ही आपली रोजचीच पाऊण आहे हे त्याला ओळखता आलं नाही. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, एवढे अपूर्णांक आपल्या भाषेत रोज बोलले जातात. जुनी माणसं पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, पाठ म्हणत. पाठांतर पुन्हा आणा असं मी म्हणत नाही. तोंडातली पाऊण आणि फळ्यावरची पाऊण यांची भेट घालून द्यायला वर्गात निवांतपणा लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही फक्त माझी समजूत नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. गिऱ्हाईकाशी अवघड हिशेब तोंडी अचूक करणारी मुलं तसलंच गणित शाळेच्या पद्धतीने मांडून दिल्यावर अडखळत होती. आणि शाळेत गणित शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडत होती. दुसरी बाजू मला जास्त बोचते. आपण जे शिकवतो तेही वर्गाबाहेर उपयोगी पडत नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' असंही वाचायचं सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! टीव्हीवर विनोद झाले, सभागृहात चर्चा झाली. पण त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. आपल्या भाषेत आधी तीन येतात, मग साठ, आणि कागदावर नेमकं उलटं. तो त्रास गदारोळाआधी होता, नंतरही आहे. पुढे त्या मुलांचं काय झालं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

आता वेळेबद्दल. माझ्या शेवटच्या शाळेचा पट होता ११. चार इयत्ता, एक खोली, शिक्षक दोन. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात आमच्यातलं एक कोणीतरी कायम कुठल्या तरी कामगिरीवर, आणि जे शाळेत असे त्याच्या हातात मोबाइल. लिंक भरा, फोटो टाका, माहिती आज दुपारी तीनपर्यंत पाठवा. डोंगराच्या टोकाशी रेंज शोधत उभी असताना वर्गात दुसरीची मुलं पाढे लिहीत बसलेली असायची, कारण बाई नसताना करता येण्यासारखं तेवढंच गणित असतं.

कमी पटाची शाळा परवडत नाही असं आपल्या खात्यात वारंवार म्हटलं जातं. गणितासाठी तर ती वरदान आहे. अकरा मुलांत प्रत्येकाला 'तू कसं केलंस?' विचारता येतं. चौथीतली मुलगी पहिलीच्या पोराला चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून दाखवते, आणि दाखवता दाखवता तिचा हातचा पक्का होतो. फक्त बाई वर्गात हवी. म्हणून पहिली विनंती अशी, की या शाळांतले दोन्ही कायम शिक्षक काढू नका, आणि शाळेच्या वेळेत त्यांच्याकडून एकही ऑनलाइन माहिती मागू नका.

दुसरी गोष्ट चाचण्यांची. निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावं यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली आहे. उद्देश चांगलाच आहे. पण संकलित चाचणीत गुण उत्तराला मिळत असतील, तर शिक्षक उत्तरच शिकवणार. प्रत्येक गणिताच्या चाचणीत एक तरी प्रश्न असा ठेवा, ज्यात मुलाने कसं केलं ते चित्राने, शब्दांनी, बोलीत का होईना, सांगायचं, आणि गुण त्या सांगण्याला द्यायचे. एवढ्याने वर्गातलं शिकवणं बदलेल, कारण चाचणीत जे येतं ते आम्ही शिकवतोच.

प्रशिक्षणाबद्दल थोडकंच लिहिते. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पडद्यावरच्या स्लाइड पुष्कळ पाहिल्या. त्याऐवजी तिथे खरी मुलं बसवून, आम्हा सगळ्यांसमोर, एखाद्या शिक्षकाने एक उदाहरण तासभर घ्यावं, आणि मुलं कुठे अडली त्यावर नंतर आम्ही बोलावं. असं एकदाच झालेलं आठवतं, आणि ते अजून लक्षात आहे.

रँग्लर परांजपे याच तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत अव्वल, झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रीही. आपल्या खुर्चीचं आमच्या मातीशी असं जुनं नातं आहे, म्हणून हक्काने बोलावते. एकदा इथल्या एखाद्या लहान शाळेत या. सत्कार ठेवणार नाही, मुलांना गाणी बसवायला लावणार नाही. गणिताच्या तासाला मागे पट्टीवर बसा, आणि मुलाने चूक उत्तर दिल्यावर पुढची पाच मिनिटं तिथेच थांबा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी