मान माणसाचा की मोटारीचा?

महोदय,

लग्नसराईत आपल्या खानदेशात सोयरिकीची चौकशी दारातल्या मोटारीपासून सुरू होते आणि तोळ्यांपाशी संपते. मुलगा शब्दाचा पक्का आहे का, हे विचारणारा वडीलधारा क्वचितच भेटतो. जळगावच्या सोन्याचा अभिमान मलाही आहे (खरेदी मीही तेथेच करतो), परंतु असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बहिणाबाई चौधरी यांचे नाव आज विद्यापीठाला आहे, आणि अमळनेरला छात्रालयातील मुलांची सेवाशुश्रूषा करणारे साने गुरुजी अजून घरोघरी आठवले जातात, ते त्यांच्या घरच्या सोन्यामुळे नव्हे.

आमच्या घरच्या लग्नपत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असे छापले, तर भाऊबंदांत ‘यांचा हात आखडला’ अशी कुजबुज सुरू झाली आहे.

– एक वाचक, चोपडा