मंत्री साहेब, आयुष्यभर म्हणजे तीन वर्षं का?

मा. मंत्री साहेब, नमस्कार.

ओळखलं नसेलच. शिबिरात एका पोट्टीला कडेवर घेऊन तुम्ही फोटो काढला होता, तिचा मी बाप, यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कास्तकार. माइकवर म्हटलं होतं तुम्ही, आता ही आयुष्यभर ऐकणार. तीनच वर्षं झाली साहेब.

पोरीले ऐकू येत नव्हतं, कानात ऐकायची मशीन बसवायचं ते कॉक्लियरचं ऑपरेशन फुकट झालं, उपकार आहेत, नाही म्हणत नाही. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून सहा लाखांची मशीन म्हणे, कोणी सात सांगते. पण कानाच्या आत बसवलं ते टिकते, बाहेरचा आवाज पकडणारा प्रोसेसर, कॉइल, वायर घामानं, पडण्यानं खराब होणारच ना, लेकरू आहे ते. ऐन तान्ह्या पोळ्याले लाकडी नंदी घेऊन उभी होती आणि मशीन बंद. माय मागून आवाज देऊन राहिली, पोरगी वळून पाहीना.

वॉरंटी संपली. इथल्या सरकारी साहेबाकडं गेलो तर तो म्हणे नवीन मशीन योजनेत बसते, रिपेअर बसत नाही. म्हणजे विहीर सरकारची अन् दोर आमचा! इकडं सोयाबीन पाण्यात गेलं, प्रोसेसरचे लाखो रुपये आणू कुठून? मॅपिंग म्हणजे मशीनचा आवाज पोरीले जुळवून घेणं, ते आणि ऐकाय-बोलायला शिकवायची थेरपी, यासाठी नागपूरच्या चकरा, जाणं-येणं तीनशे किलोमीटर, मजुरी बुडते ते वेगळं, साठ-सत्तर हजार नुसते एसटीत आणि चहा-नाश्त्यात गेले असतील, जास्तच. दोन महिने झाले बंद आहे. पाणी म्हणायला शिकली होती, आता परत ग्लास दाखवते. बायको रात्री काही बोलत नाही, नुसती ती बंद मशीन पुसत बसते.

केरळात श्रुतीतरंगम योजनेत मशीनची देखभाल, जुनी बदलून देणं सरकार पाहते. आपल्याकडं काहून नाही? 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग होते, पण जिल्ह्याच्या गावाले थेरपीवाली बाई कधी जाग्यावर भेटत नाही. 1953 च्या नागपूर करारापासून विदर्भाले आश्वासनंच भेटून राहिले, डिसेंबरात अधिवेशनाला येता, हुरडा खाता, संत्र्याच्या पेट्या घेऊन जाता.

रिपेअर आणि बॅटरी योजनेत टाका, थेरपी तालुक्याले द्या, एवढंच मागतो.

यंदा अधिवेशनाला मीच येतो पोरीला घेऊन, तो फोटो पण आणतो. तुम्ही मागून एक आवाज देऊन पाहा तिला.