बाक पुसून झाले असतील, तर आता खिडक्यांकडे बघा

जानेवारी २०२२

महोदय,

मंगळवार, १ फेब्रुवारीपासून करोनामुळे बंद असलेली राज्यातली महाविद्यालये प्रत्यक्ष सुरू करण्याचा निर्णय झाला आणि लगोलग कॉलेजांची परिपत्रके निघू लागली. करोना लसीच्या दोन डोसचे प्रमाणपत्र, फाटकावर थर्मल गन, जिन्यापाशी सॅनिटायझरचा स्टँड, बाकांवर जंतुनाशक हायपोक्लोराइटची फवारणी. या परिपत्रकांत 'खिडकी' हा शब्द शोधूनही सापडत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात हे समजण्यासारखे होते. पण केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्येच सांगून टाकले आहे की, बाधिताच्या नाका-तोंडातून उडणारे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, सूक्ष्म कण मात्र हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. दहा मीटर म्हणजे फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंतचा अख्खा वर्ग. बाक पुसल्याने ही हवा पुसली जात नाही.

थर्मल गनचेही तेच. लक्षणे दिसण्याआधीचे एक-दोन दिवस माणूस संसर्ग पसरवत असतो आणि तेव्हा त्याला ताप नसतो. ताप असलेला विद्यार्थी पॅरासिटामॉल घेऊन आला, तरी गन त्याला आत सोडते. तिच्यासाठी दोन शिपाई अडकवण्यापेक्षा तेच दोघे वर्गांच्या खिडक्या उघडायला लावावेत.

वर्गातली हवा किती शिळी झाली, हे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून कळते. हिशेब सोपा आहे. दहा बाय आठ मीटरचा, सव्वातीन मीटर उंच वर्ग धरा. आत २६० घनमीटर हवा. बसलेला माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, साठ जण मिळून हजार लिटरच्या वर. खिडक्या बंद करून एसी लावला, तर बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असलेले प्रमाण आत हजारावर जायला दहा मिनिटेही लागत नाहीत. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो आणि छताचा पंखा तीच ढवळतो. ताजी हवा दोघेही आणत नाहीत. माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा हवी असेल, तर या वर्गाला तासाला २१६० घनमीटर लागेल, म्हणजे तासाभरात सगळी हवा आठेक वेळा बदलायला हवी. समोरासमोरच्या खिडक्या आणि दार उघडे असेल, तर थोड्या वाऱ्यावरही हे फुकटात साधते.

अडते ते खिडक्या उघडण्यातच. जुन्या दगडी इमारतींत छताखाली झडपा असतात. गरम हवा वर जाऊन बाहेर पडावी, म्हणूनच त्या ठेवलेल्या. एसी बसवताना त्यांवर प्लायवूड ठोकले गेले आणि रंगाचे तीन हात चढले. नव्या इमारतींत सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या. त्या पूर्ण सरकवल्या तरी निम्मीच चौकट मोकळी होते. त्यातही डासांची जाळी. ती हाताने चाचपून पाहा, धुळीचा राखाडी थर बोटांना चिकटतो. जाळीची भोके बुजली की 'उघड्या' खिडकीतूनही हवा येत नाही. उरलेसुरले काम प्रोजेक्टरसाठी लावलेला जाड पडदा करतो. तेव्हा सोमवारपर्यंत एक सुतार, एक प्लंबरचा पाइप आणि एक शिडी एवढेच कामाला लावा. प्लायवूड काढा, जाळ्या उतरवून धुवा, पडदे निदान दोन खिडक्यांवरून काढून टाका आणि प्रत्येक खिडकीला अडकवायचा हुक आहे ना ते पाहा. हुक नसला की वाऱ्याने दार आपटते आणि मग कोणीतरी उठून ते लावून टाकते. फेब्रुवारीत सकाळच्या पहिल्या तासाला गारठा असतो, तेव्हा खालच्या खिडक्या थोड्या लोटल्या तर चालेल, पण वरच्या झडपा बंद करायच्या नाहीत.

एक्झॉस्ट पंखा बसवणार असाल, तर तो उघड्या खिडकीच्या शेजारी नको. पंखा त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकतो आणि वर्गाचा दुसरा कोपरा तसाच कोंदट राहतो. दाराच्या समोरच्या भिंतीवर, उंचावर बसवा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्यूम कबर्डचा (विषारी वाफा बाहेर टाकणाऱ्या कपाटाचा) पंखा असतोच, तो प्रयोग नसतानाही चालू ठेवा. दोन तासिकांच्या मध्ये वर्ग दहा मिनिटे रिकामा ठेवता आला, तर चांगल्या वायुवीजनात तेवढ्यात पाऊण हवा बदलते. वेळापत्रकात तेवढी फट ठेवणे प्राचार्यांच्या हातात आहे.

हे सगळे जमले की नाही, हे कार्बन डायऑक्साइडचे मीटर सांगते. पूर्ण कॉलेजला दोन-तीन पुरतात, आळीपाळीने फिरवायचे. घेताना एनडीआयआर (अवरक्त किरणांनी नेमका हाच वायू मोजणारा) सेन्सर आहे का ते विचारा. स्वस्त मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि सॅनिटायझरची बाटली उघडली तरी आकडा उडतो. आधी मैदानात नेऊन ४२०च्या आसपास दाखवते का ते पाहा. मग वर्गात बसलेल्याच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून मीटरभर लांब ठेवा, आणि आकडा तास संपताना घ्या. सुरुवातीचा आकडा नेहमीच गोड असतो. ८०० च्या आत ठीक. १५०० दिसले, तर प्रत्येक श्वासातली सुमारे तीन टक्के हवा दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते. तो तास झाडाखाली घ्या. एअर प्युरिफायरच्या जाहिराती आता सुरू झाल्याच आहेत. तासाला ३०० घनमीटर हवा गाळणारे घरगुती यंत्र या वर्गाला एक पुरत नाही, सात लागतील. ते पैसे मास्कवर घाला.

मास्क एन-९५ किंवा एफएफपी-२, आयएस ९४७३ हा मानक क्रमांक छापलेला. झडपेचा नको; झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर जातो. फुंकर मारल्यावर चष्म्यावर वाफ धरली, तर नाकाची पट्टी बसलेली नाही. धुवायचा नाही, चार-पाच मास्क खाकी पाकिटांत ठेवून आलटून पालटून वापरायचे. आणि प्राध्यापक मंडळींनी, राग मानू नये, शिकवताना मास्क हनुवटीवर ओढू नये. पन्नास मिनिटे सर्वांत मोठ्याने बोलणारा माणूसच सर्वांत जास्त कण सोडतो. आवाज पोचत नसेल, तर कॉलर माइक घ्या.

हॉस्टेलचे गणित वेगळे. एसटीचा संप चालू असल्याने विदर्भ-मराठवाड्यातली मुले खासगी ट्रॅव्हल्सच्या बंद एसी बसमधून रात्रभर प्रवास करून येणार. करोनाच्या ओमायक्रॉन प्रकारात संसर्गानंतर साधारण तीन दिवसांत लक्षणे दिसतात. त्यामुळे उतरल्या उतरल्या केलेली चाचणी घरून आणलेला संसर्ग पकडेल, बसमधला नाही. मुलांना शनिवारीच बोलवा आणि माणशी एकच घरगुती चाचणी-किट परवडत असेल, तर ते मंगळवारी सकाळी वापरा. घरगुती किटमध्ये दोन्ही नाकपुड्यांतून नमुना घ्यायचा, निकाल पंधराव्या मिनिटाला वाचायचा. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. पॉझिटिव्ह आले तर खरे मानावे. निगेटिव्ह येऊनही घसा दुखत असेल, तर आरटीपीसीआर ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी. लक्षणे नसलेल्यांच्या सरसकट चाचण्या नकोत, असे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १० जानेवारी २०२२ ला म्हटले आहे, पण एका संडास-बाथरूमवर वीस जण असलेल्या मजल्याला आम्ही तो नियम लावणार नाही.

मेसमध्ये मास्क उतरतो, म्हणून खरा धोका तिथे. टेबले अंगणात मांडवाखाली काढा, तीन पंगती करा, एका खोलीतल्यांनी एकत्रच बसावे. विलगीकरणासाठी स्वतंत्र संडास असलेल्या दोन खोल्या आधीच रिकाम्या ठेवा. तिथे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर हवे. नेलपॉलिश आणि गार बोटे आकडा चुकवतात. तासाभरात तीनदा ९३ टक्के किंवा कमी आला, तर रुग्णालय. चाचणीपासून सात दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला, की ५ जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनांनुसार विलगीकरण संपते, पुन्हा चाचणी लागत नाही. तरीही काही ठिकाणी निगेटिव्ह आरटीपीसीआर मागतात. मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दाखवतात, त्यामुळे बरी झालेली मुले उगाच महिनाभर बाहेर राहतील.

दोन डोसच्या अटीतही एक पेच आहे. प्रथम वर्षाची काही मुले सतराची आहेत. त्यांचे लसीकरण ३ जानेवारीला सुरू झाले. कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस २८ दिवसांनी, म्हणजे लवकरात लवकर ३१ जानेवारीला. त्यांना फाटकावर अडवायचे नसेल, तर एका डोसवर, एन-९५ घालून आत घ्यावे किंवा त्यांचे तास फेब्रुवारीअखेरपर्यंत ऑनलाइनही चालू ठेवावेत. आणि ७५ टक्के हजेरीची अट या काळात आजारी मुलांना लागू नाही, हे लेखी कळवा. नाहीतर घसा दुखणारा मुलगा गोळी घेऊन वर्गात येऊन बसेल, आणि परीक्षा जवळ आलेल्या कोणत्याही मुलाने हेच केले असते.

– सार्वजनिक आरोग्य व इमारत-वायुवीजन क्षेत्रांतील काही अध्यापक, पुणे