एकोणिसाव्या दिवशीच्या फोनबद्दल

आदरणीय ताई,

हे पत्र मंगळवारी तुमच्या हातात देता आलं असतं. पण समोर बोलायला लागलो की तुम्ही मला मध्येच थांबवता. "हे तुम्ही केलंत, मी नाही," म्हणता आणि पुढच्या माणसाकडे वळता. म्हणून हे उघडं पत्र. शिवाय ज्यांच्या सहीनं सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या तुमच्या केंद्राला पैसे मिळतात, त्यांच्याही वाचनात हे यावं अशी माझी इच्छा आहे.

मी 27 वर्षं सिगारेट ओढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. पहिल्या दिवशी तुम्ही मला श्वास रोखून धरायला सांगितलंत आणि मग एका नळीत सावकाश सोडायला लावलात. यंत्रावर 26 आकडा आला. न ओढणाऱ्या माणसाचा साधारण सहाच्या आत असतो, असं तुम्ही म्हणालात. "हा कार्बन मोनॉक्साइड. रक्तात प्राणवायूची जागा हाच अडवून बसतो. दोन दिवस ओढू नका, आकडा उतरलेला तुम्हालाच दिसेल." पाकिटावरची भीतिदायक चित्रं मी इतकी वर्षं रोज पाहिली होती, ती सवयीची झाली होती. हा आकडा मात्र माझा स्वतःचा होता. दोन दिवसांनी यंत्रानं 5 दाखवले, तेव्हा मी तो आकडा तळहातावर लिहून घरी नेला.

मग तुम्ही विचारलंत, "सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटवता?" मी म्हणालो, पाच. त्या एका उत्तरावरून माझं शरीर निकोटीनवर किती अवलंबून आहे याचा अंदाज तुम्हाला आला. तोवर मला सगळे इच्छाशक्तीच वाढवायला सांगत होते. औषधाची मात्रा ठरवता येते, हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. निकोटीनचा पॅच, म्हणजे त्वचेतून थोडं थोडं निकोटीन देणारी पट्टी, सकाळी कुठे लावायचा, जागा रोज का बदलायची, निकोटीनचं च्युइंगगम नेहमीसारखं चघळत न राहता चव झणझणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून का द्यायचं, हे सगळं तुम्ही स्वतः करून दाखवलंत. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरतं हाताला काम द्या, म्हणालात. मी रात्रपाळीत नट-बोल्ट वेगळे करत बसायचो.

आणि तरी एकोणिसाव्या दिवशी मी घसरलो. मशीन बंद पडलं होतं, सगळे वैतागले होते, कुणीतरी पाकीट पुढे केलं. त्या रात्री तीन ओढल्या. मंगळवारी मी केंद्रात आलो नाही. बुधवारी तुमचा फोन आला.

"ओढलीत ना?"

"हो."

"किती?"

"तीन."

"तीन म्हणजे तीनच. पॅच लावलेलाच ठेवा. उद्या येताय का?"

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी जुनीच फाइल काढलीत आणि सिगारेट सोडल्याच्या पहिल्या तारखेखाली दुसरी लिहिलीत. पहिली खोडली नाहीत. बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात, तेव्हा त्या एकोणीस दिवसांत काय जमलं होतं ते आधी सांगा, म्हणालात. ताई, याच फोनसाठी मी हे पत्र लिहितोय. बाकीच्या गोष्टी कदाचित मला कुठे वाचायला मिळाल्या असत्या.

त्याच्या आधी मी एका खासगी वर्गाला जाऊन आलो होतो. तिथेही माणसं वाईट नव्हती. पण घसरल्यावर पुन्हा पूर्ण शुल्क भरायचं होतं. माझ्याकडे पैसे होते, तरी गेलो नाही. एकदा हरलेल्या माणसाला त्याच हरण्यासाठी दुसऱ्यांदा पाकीट उघडायची लाज वाटते. तुमच्याकडे ती लाज वाटायला जागाच नव्हती, कारण तुमच्या खुर्चीचा, त्या यंत्राचा, पॅचचा खर्च सार्वजनिक पैशांतून होत होता. मला आत घेण्याआधी कुणी माझ्या प्रयत्नांची मोजणी केली नाही.

मग ते वर्ष आलं. पुढची तरतूद ठरेना. तुमच्या सहकाऱ्याची जागा भरली गेली नाही आणि पॅचचा साठा संपला. तुम्ही एकट्या दोघांचं काम करत होतात. रात्री उशिरा बसून रकाने भरत होतात: किती आले, चार आठवड्यांनी किती जणांनी नळीत फुंकून दाखवलं, तीन महिन्यांनी किती टिकले. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचायची मला सवय लागली. तलफ आली की वाचायचो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की आधाराशिवाय केलेल्या प्रयत्नांपैकी साधारण 4 टक्केच यशस्वी होतात; समुपदेशन आणि औषधं मिळाली तर ही शक्यता दुपटीहून वाढते. 2003 मध्ये मंजूर झालेल्या, याच संघटनेच्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कराराच्या चौदाव्या कलमात सोडू पाहणाऱ्यांना मदत करण्याचं कर्तव्य सरकारांवर आहे. कागदावर हे आहेच. पण हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर यायला साधारण वर्ष जातं, फुप्फुसाच्या कर्करोगाचा यायला दहा वर्षं, आणि अर्थसंकल्प असतो एका वर्षाचा. दहा वर्षांनी दिसणारा माझा फायदा कुठल्या रकान्यात लिहायचा? म्हणून कात्री लागते ती आधी तुमच्यासारख्यांच्या जागेला.

1988 मध्ये कॅलिफोर्नियात मतदारांनी सिगारेटवरचा कर वाढवून त्यातला काही भाग तंबाखू नियंत्रणासाठी बांधून दिला. तिथे धूम्रपान उरलेल्या देशाच्या मानानं वेगानं कमी झालं, हृदयविकाराचे मृत्यूही. 1992 नंतर कार्यक्रमाचे पैसे कापले गेले आणि ती घट मंदावली. पैसा आणि माणसं यांचा संबंध इतका सरळ दिसलेला मी दुसरीकडे वाचला नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 1987 मध्येच तंबाखूवरच्या आकारणीतून आरोग्यनिधी उभा केला आणि खेळ नि कलांना मिळणारं सिगारेट कंपन्यांचं प्रायोजकत्व त्यातून बाजूला सारलं. थायलंडनं 2001 मध्ये तंबाखू आणि मद्यावरच्या करापाठोपाठ 2 टक्के जादा आकारणी ठेवून तिच्यातून असाच निधी चालवला. उलट 1998 मध्ये अमेरिकेतल्या 46 राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी मोठा समझोता केला, त्यात कंपन्यांनी राज्यांना पैसे द्यायचं ठरलं, पण ते पैसे तंबाखू नियंत्रणावरच खर्च करायचं बंधन नव्हतं. बहुतांश रक्कम इतरत्र गेली.

हे वाचून मला एक गोष्ट पक्की कळली. तुमच्या केंद्रात मला फुकट काही मिळालेलं नाही. दर पाकिटावर कर होता, म्हणजे 27 वर्षं मी आगाऊ भरत आलो होतो. त्यातला थोडासा वाटा एका खोलीच्या, एका यंत्राच्या आणि बुधवारी फोन करणाऱ्या एका माणसाच्या रूपानं माझ्याकडे परत आला. तो वाटा ज्यांनी तुमच्यापर्यंत पोचू दिला, तरतुदीतली ती ओळ ज्यांनी खोडली नाही, त्यांचेही आभार. त्यांना मी ओळखत नाही, पण त्यांच्या एका सहीमुळे मी आज जिना न थांबता चढतो. पुढच्या वर्षीही ती ओळ राहू द्या, आणि रिकामी जागा भरा, एवढं त्यांच्याकडे मागतो.

ताई, माझा शेवटचा आकडा 2 होता. तुम्ही फाइल बंद करायला निघाला होतात, मी राहू द्या म्हणालो. दोन तारखा एकाखाली एक असलेलं ते पान नव्या माणसाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. मंगळवारी मी अर्धा तास आधी येतो, खुर्च्या लावून ठेवतो.

आपला,
मंगळवारच्या गटातला एक