प्रमाणपत्रं फ्रेम करण्याआधी

प्रिय ताई आणि भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

दोन्ही मुलांची पदवीची प्रमाणपत्रं भिंतीवर लावायची आहेत, पण खर्च आटोपशीर हवा, असं तू लिहिलंस. चौकट अगदी साधी, तयार मिळणारी घे. पैसे तिथेच वाचतात. कागदाला जे टेकतं, म्हणजे माउंट (मधे खिडकी कापलेला, कागदावर बसणारा जाड पुठ्ठा), पाठीमागचा पुठ्ठा आणि कागद धरून ठेवणारी पट्टी, त्यात मात्र काटकसर करू नकोस. काही वर्षांनी कागद पिवळा पडतो किंवा डागाळतो तो बहुतेक यांच्यामुळे, नाहीतर उजेडामुळे.

लॅमिनेशन मुळीच करू नका. तापलेल्या रोलरमधून जाताना प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, उठावाचा शिक्का दबतो, आणि पुढे कुठे मूळ प्रतीवर शिक्का मारून घ्यायची वेळ आली तर शाई धरतच नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित उपाय म्हणजे भिंतीवर रंगीत प्रत आणि मूळ कागद कपाटात. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन कर, छापताना आकार १०० टक्के ठेव. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की प्रत थोडी लहान होते आणि माउंटमध्ये कडेला फट दिसते. पिगमेंट शाई आणि जाडसर मॅट कागद असेल तर प्रत छान दिसते, फक्त उठावाचा शिक्का तिच्यात सपाट येतो. मूळ प्रत पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटात ठेव. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं पाकीट नको, त्याला लेझर प्रिंटची अक्षरं चिकटून निघून येतात.

मूळ कागदच लावायचा असेल तर आधी तो मोज. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर आकार २१६ बाय २७९ असतो, दोन्ही दिसायला सारखेच वाटतात आणि इथेच घोटाळा होतो. माउंटची खिडकी प्रत्येक बाजूने कागदापेक्षा ५ मिमी लहान हवी, म्हणजे ए-फोरला २०० बाय २८७. ही खिडकी ११ बाय १४ इंचांच्या तयार फ्रेममध्ये बसवली तर बाजूंना सुमारे ४० आणि वर-खाली सुमारे ३४ मिमी समास सुटतो. १२ बाय १६ इंचांची घेतलीस तर ५२ आणि ६०, आणि मला तीच जास्त आवडते. त्यात खिडकी ३-४ मिमी वर सरकवून खालचा समास थोडा मोठा ठेवला की नजरेला बरं वाटतं. मात्र कागदाच्या अगदी कडेला नक्षी, क्रमांक किंवा सही आहे का ते बघ, नाहीतर ती माउंटखाली जाईल.

माउंट केवळ शोभेसाठी नसतं. साधारण दीड मिलिमीटर जाडीमुळे कागद काचेपासून दूर राहतो. काचेला टेकलेल्या कागदावर लेझरची काळी अक्षरं हळूहळू काचेला चिकटतात, आणि काचेच्या आतून ओल धरली तर शाई पसरते. तयार फ्रेमबरोबर येणारं माउंट बऱ्याचदा स्वस्त लगद्याचं असतं. खिडकीची तासलेली कड जवळून बघ: पांढरीशुभ्र असेल तर आशा आहे, पिवळट किंवा करडी असेल तर ते काढून टाक. अशा लगद्यातल्या आम्लामुळे कडेला लागून कागदावर तपकिरी रेघ उमटते आणि ती जात नाही. दुकानात विचारताना ‘आतला गाभाही ॲसिड-फ्री आहे का’ असं विचार, कारण कधी कधी फक्त वरचा कागद तसा असतो. खिडकी घरी कापू नका. ४५ अंशांचा तिरका काप कोपऱ्यात हमखास पुढे जातो. फ्रेमवाल्याकडून नुसतं माउंट कापून घ्यायचं आणि तयार फ्रेममध्ये बसवायचं.

कागद बसवताना सेलोटेप, दुहेरी टेप, गोंद यांपैकी काहीही कागदाला लागू देऊ नका. सेलोटेपचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो. त्याऐवजी कोपऱ्यांत चार खिसे कर. ॲसिड-फ्री कागदाची ७ मिमी रुंद, २० मिमी लांब पट्टी घे, मधल्या बिंदूपासून दोन्ही टोकं खाली मुडप, छोटा काटकोन त्रिकोण होतो. कागदाचा कोपरा आत सरकव आणि मुडपलेली टोकं मागच्या पुठ्ठ्याला चिकटव, कागदाला नाही. पट्टी यापेक्षा रुंद घेतलीस तर खिशाचं टोक खिडकीतून डोकावेल. खिसे घट्ट नकोत. दमट हवेत कागद फुगतो आणि जागा मिळाली नाही की लाटा उठतात. चारी बाजू चिकटवलेलं प्रमाणपत्र असंच वाकडंतिकडं होतं.

गुंडाळी होऊन आलेला कागद उलटा गुंडाळून सरळ करू नका, तंतू मोडतात. दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन द्या, चार-पाच दिवस.

मागची फळी हार्डबोर्ड किंवा एमडीएफ असेल तर तिच्यातूनही आम्ल बाहेर पडतं. मध्ये पॉलिएस्टरचा पत्रा आणि त्यावर ॲसिड-फ्री पुठ्ठा घाल. काच २, माउंट आणि मागचा पुठ्ठा मिळून ३, फळी ३, असे ८ मिमी होतात. म्हणून फ्रेमची खाच १० मिमी खोल आहे ना ते घेण्याआधी बघ. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. ॲक्रिलिक असेल तर अमोनियाचं क्लीनर अजिबात नको, ते धुरकट होतं. बंद करण्याआधी काच तिरकी धरून आत धागा, केस राहिला नाही ना ते बघायचं. शेवटी मागच्या कडेवर कागदी टेप लावून फट बंद कर, म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही.

भिंत बाहेरची नको, ओल येते. ऊन पडतं तिथेही नको, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, रोखणारी काच परवडली तर घ्या, पण तीही दिसणारा उजेड अडवत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावल्या की मागे हवा खेळते. फ्रेमचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंमी ठेवा. खिळ्याची उंची काढताना १५० मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळव आणि तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा कर. भाऊजी, दोन हूक लावलेत तर फ्रेम तिरकी होणार नाही.

दोन्ही कागदांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून मला कळव, माउंटच्या खिडकीची मापं काढून पाठवतो.

तुझा,
धाकटा भाऊ